वाडा आणि वाडो : नगरपालिकेच्या नकाशातली नोकरी

बडोद्यातल्या मराठी घरांत मुलांनी पुढे काय शिकावं याची चर्चा ठरलेल्या वाटांनी जाते. इंजिनिअरिंग, सी.ए., नाहीतर बँकेच्या परीक्षा. मी पदवीला भूगोल घेतला तेव्हा काकांनी विचारलं होतं, "म्हणजे पुढे शाळेत शिकवणार का?" त्या वेळी माझ्याकडेही दुसरं उत्तर नव्हतं. त्यानंतरची पंधराएक वर्षं मी गुजरातेतल्या लहानमोठ्या नगरपालिकांसाठी संगणकावर नकाशे तयार करते आहे. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असं जे काही माझ्या गाठीला आहे, ते इथे मांडते. भाषेच्या अंकात हा विषय कशाला, असं वाचकांना वाटेल. या कामात मला सर्वांत महाग पडलेली चूक भाषेची होती, एवढंच आत्ता सांगून ठेवते.

आधी काम काय ते पाहू. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे सगळे ज्याला जी.आय.एस. म्हणतात ती, हा नकाशा आणि रजिस्टर यांचा संसार आहे. नकाशावर घराची एक आकृती असते आणि तिच्या पाठीशी रजिस्टरमधली एक ओळ: मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, मजले, नळजोडणी, थकबाकी. आकृतीवर बोट ठेवलं की ओळ उघडते, आणि ओळींना प्रश्न विचारला की आकृत्या उजळतात. ज्या घरांना नळ आहे पण गटारजोडणी नाही ती दाखव, असं म्हटलं की गावाचा एक कोपरा लाल होतो आणि तिथे कधी न गेलेल्या अधिकाऱ्यालाही तो दिसतो. या विद्येची सुरुवात १९६०च्या दशकात कॅनडात झाली. तिथल्या अफाट जमिनीची मोजदाद हाताने होईना, म्हणून रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने ती संगणकावर चढवली.

नगरपालिकेत तिचा उपयोग किती, हे घटनेतच पाहता येतं. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि तिच्यात नागरी संस्थांकडे देता येतील असे १८ विषय आहेत. नगररचना, रस्ते, पाणीपुरवठा, घनकचरा, अग्निशमन, झोपडपट्टी सुधार, स्मशानभूमी, अगदी कत्तलखाने. यातला जवळपास प्रत्येक विषय 'कुठे?' या प्रश्नापासून सुरू होतो. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत योजनेत शहरांच्या विकास आराखड्यांसाठी जी.आय.एस.चा वेगळा भाग ठेवला गेला. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊ लागली. फेब्रुवारी २०२१मध्ये नकाशांवरचे पुष्कळसे जुने निर्बंध उठले आणि डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. काम वाढतं आहे याबद्दल शंका नाही.

नोकरीचं मात्र तसं नाही. बहुतेक नगरपालिकांच्या मंजूर आकृतिबंधात 'जी.आय.एस. तज्ज्ञ' असं पदच नसतं. लोक तीन दारांनी आत येतात. पहिलं दार एजन्सीचं. सर्वेक्षणाचा ठेका एखाद्या खासगी संस्थेला मिळतो, ती मुलं नेमते, ठेका संपला की मुलंही संपतात. दुसरं दार अकरा महिन्यांच्या कराराचं. तिसरं सर्वांत भक्कम: सर्वेअर, नगररचना सहायक किंवा कनिष्ठ अभियंता म्हणून स्पर्धा परीक्षेतून कायम नोकरीत यायचं आणि मग हे काम अंगावर घ्यायचं. मी पहिल्या दाराने आले. नेमणुकीच्या कागदावर 'एक्स्पर्ट' आणि पगार डेटा एंट्री ऑपरेटरचा. मला आज कोणी विचारलं तर मी तिसरं दार सांगते. पहिल्या दोन दारांवर शिकायला खूप मिळतं, पण घर चालवायला मिळत नाही.

आता माझी पहिली चूक. एका लहान नगरपालिकेत घरपट्टीच्या नोंदी तपासायचं काम आलं. उपग्रह चित्रावरून प्रत्येक घराची आकृती काढायची, तिचं क्षेत्रफळ रजिस्टरमधल्या तळमजल्याच्या बांधकामाशी ताडायचं, आणि दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर 'वाढीव बांधकाम' म्हणून यादीत टाकायचं. यादी आली तेव्हा गावातली जवळजवळ सगळी घरं तिच्यात होती. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण सगळं गाव पालिकेला फसवतं आहे हे ऐकायला पालिकेत सगळेच उत्सुक होते. पहिल्या तीनशे नोटिसा निघाल्या.

चौथ्या दिवशी एक निवृत्त गुजराती हेडमास्तर हातात पोलादी टेप घेऊन कचेरीत आले. आवाज न चढवता म्हणाले, "बेन, चला माझ्याबरोबर." मी गेले. त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. घर बाहेरून १२ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद निघालं, म्हणजे १०८ चौरस मीटर. रजिस्टरातही १०८च. माझ्या नकाशात १२६. त्यांनी पाठीमागच्या भिंतीला हात लावून विचारलं, "हे अठरा मीटर कुठे आहेत, तेवढं दाखवा."

ते अठरा मीटर प्रक्षेपणात होते. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. गोलाला सपाट करताना कुठेतरी ताणावं लागतं. इंटरनेटवरची उपग्रह चित्रं ज्या वेब मर्केटर प्रक्षेपणात येतात, त्यात विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका ताण वाढतो. आमच्या अक्षांशावर लांबी सुमारे ८ टक्क्यांनी फुगते, आणि लांबी-रुंदी दोन्ही फुगल्यामुळे क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी. १०८चे १२६ झाले ते असे. संगणकाने त्या सपाट कागदावर अचूक मोजलं होतं. तो कागद मोजायचा नव्हता, हे मला ठाऊक असायला हवं होतं. हीच चूक बेळगावात किंवा गोव्यात केली तर क्षेत्रफळ ८ टक्क्यांच्या आसपास फुगेल, हैदराबादेत १० टक्के, इंदुरात जवळपास बडोद्याइतकं आणि ग्वाल्हेरला तब्बल २४ टक्के. नोटिसा मागे घेतल्या गेल्या. माझा करार त्या वेळी का वाढवला गेला हे मला आजवर कळलेलं नाही.

मोजमापासाठी आपल्याकडे सहसा यू.टी.एम. ही पद्धत वापरतात. तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडले आहेत. ७२ ते ७८ पूर्व रेखांशाचा पट्टा ४३वा, ७८ ते ८४चा ४४वा. गोवा, बेळगाव, बडोदा, इंदूर ४३व्यात, हैदराबाद ४४व्यात. ग्वाल्हेर शहर ७८व्या रेखांशाच्या जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर पूर्वेला आहे, म्हणजे तेही ४४व्यात. भोपाळहून आलेली फाईल ४३व्या पट्ट्यातली आणि ग्वाल्हेरची ४४व्यातली, ही गफलत तिथे काम करणाऱ्याच्या वाट्याला हमखास येईल. आपल्या मराठी वसाहतींमधून अशी एक रेघ गेली आहे हे मला गमतीचं वाटतं, पण फाईल उघडताना ती गंमत राहत नाही.

आता दुसरी चूक. ही सांगायला मला जड जातं.

दुसरी नगरपालिका, नदीकाठचं जुनं गाव. गायकवाडीत तिथे वहिवाटदाराची कचेरी होती, त्यामुळे पाच-पन्नास मराठी कुटुंबं तेव्हापासूनची. घरोघरच्या सर्वेक्षणाला आमच्याकडे आणंद-नडियादकडची मुलं होती, चलाख आणि कष्टाळू. फॉर्मवर जागेचा 'प्रकार' लिहायचा रकाना होता. नदीच्या बाजूला एका मोठ्या जुन्या दरवाजासमोर त्यांनी नाव लिहिलं 'वाडो'. गुजरातीत वाडो म्हणजे घरामागची कुंपण घातलेली मोकळी जागा, गुरं बांधायची, लाकडं ठेवायची. दरवाजा त्या दिवशी बंद असावा. कचेरीत बसून फॉर्म तपासताना मी त्या शब्दासमोर सांकेतिक क्रमांक टाकला: खुली जागा. रहिवासी शून्य.

तो वाडा होता. मराठी अर्थाने वाडा: दोन चौक, लाकडी खांब, आणि आत अकरा कुटुंबं.

दोन वर्षांनी पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि रात्री नदी गावात शिरली. जिल्ह्याहून विचारणा आली, पूररेषेखालची राहती घरं किती आणि कुठे? माझ्याकडे नकाशा तयार होता. दहा मिनिटांत मी यादी दिली, सहाशेच्या वर घरं, गल्लीवार. सगळ्यांनी कौतुक केलं. त्या यादीवर होड्या फिरल्या. वाड्यातल्या लोकांनी नियंत्रण कक्षाला फोन केला, तेव्हा फोन घेणाऱ्या मुलाने पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं, "तिथे वस्ती नाही, रिकामा वाडो आहे, नीट पत्ता सांगा." ते पुन्हा पुन्हा तोच पत्ता सांगत राहिले. होडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. जीव कोणाचा गेला नाही. वरच्या मजल्यावर सव्वीस माणसं होती आणि त्यांत आठवा महिना लागलेली एक सून.

पाणी ओसरल्यावर मी गेले. चिखल काढायचं काम चाललं होतं. सगळ्या ज्यांना माई म्हणतात त्या आजींनी मला ओसरीवर बसवलं, चहा दिला, माझं आडनाव विचारलं. मग म्हणाल्या, "अगं, तू आमच्यातलीच ना? मग तुलासुद्धा वाडा कळला नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. सर्वेक्षणाच्या मुलांची यात चूक नव्हती. त्यांनी त्यांच्या भाषेतला शब्द त्यांच्या भाषेतल्या अर्थाने लिहिला. त्या कचेरीत दोन्ही भाषा येणारी एकटी मी होते. मी घरी मराठी बोलत होते आणि खुर्चीवर बसल्यावर ती खुंटीला टांगत होते.

तेव्हापासून मी शब्दांची एक वही ठेवते. सीमेवरच्या आणि मिश्र वस्तीच्या गावांत काम करणाऱ्या प्रत्येकाने अशी वही ठेवावी, म्हणून त्यातलं थोडं सांगते. मराठीत वाडी म्हणजे लहान वस्ती. गुजरातीत वाडी म्हणजे बाग, शेतमळा, आणि शहरात ज्ञातीचं लग्नकार्याचं सभागृहसुद्धा. एकाच नावाची जागा नकाशावर वस्ती, हिरवळ किंवा सार्वजनिक इमारत, तिन्ही होऊ शकते. पोळ म्हणजे जिला एके काळी दार होतं अशी गल्ली. खांचो म्हणजे आत जाऊन बंद होणारी गल्ली. अग्निशमनाच्या गाडीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा, कारण खांच्यातून गाडी पलीकडे निघत नाही. फळियुं म्हणजे घरांचा पुंजका. मराठीतला बोळ आणि आळी यांचंही असंच. या सगळ्यांना इंग्रजी फॉर्मवर एकच 'स्ट्रीट' हा शब्द असतो, आणि त्यात ही सारी माहिती वाहून जाते.

नदीनावांची कथाही वेगळी नाही. इंदूरची नदी लोकांच्या तोंडी खान, आता पाट्यांवर कान्ह. बेळगावचं अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी. म्हापसे, मापुसा, म्हापसा हे एकच गाव. वाद ज्याचा त्याने घालावा. नकाशा करणाऱ्याचं काम एवढंच की यातलं कुठलंही नाव घेऊन हाक मारली तरी जागा सापडली पाहिजे. पुरात कोणी अधिकृत नाव शोधत बसत नाही.

याची तांत्रिक बाजू फारशी कुठे शिकवली जात नाही, म्हणून सांगते. आजही अनेक कचेऱ्यांत शेपफाईल हा १९९०च्या दशकातला साचा चालतो. त्यात रकान्याच्या नावाला फक्त दहा बाईट मिळतात. युनिकोडच्या यू.टी.एफ.-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाईट लागतो, देवनागरी किंवा गुजराती चिन्हाला तीन. म्हणजे तीनच चिन्हं मावतात. 'नाव' कसाबसा बसतो. 'गल्ली'मध्ये ग, ल, हलन्त, ल, वेलांटी अशी पाच चिन्हं, ती तुटते. रकान्यातल्या मजकुराला २५४ बाईट, म्हणजे आपली ८४ चिन्हं. 'अमुक देवळामागे, तमुक यांच्या घराजवळ' असा आपला खरा पत्ता अर्ध्यात कापला जातो. त्यातून जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या याद्या असतील तर पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी. कंटाळून ऑपरेटर सगळं रोमनमध्ये लिहितो आणि वाडा, वाडो, वडा तिघेही एकाच स्पेलिंगमध्ये जाऊन बसतात. यावर उपाय आहे, आणि फुकट आहे: जिओपॅकेज हा नवा साचा वापरावा, किंवा पोस्टजी.आय.एस.सारख्या विदागारात माहिती ठेवावी, आणि सुरुवातीलाच युनिकोडचा आग्रह धरावा. सुरुवातीला एक दिवस भांडावं लागतं. नंतर भांडलं तर सहा महिने जातात.

माझ्या वहीची कल्पना मला नवी वाटली होती, ती नव्हती. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, बडोदे संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश प्रसिद्ध केला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी, बंगाली असे पर्याय रकान्यांत मांडलेले. विदागाराच्या भाषेत सांगायचं तर एक कल्पना, आठ रकाने. ज्या संस्थानात अधिकारी मराठी, रयत गुजराती आणि पत्रव्यवहार इंग्रजी, तिथे शब्दाचा अर्थ निसटला की कारभार निसटतो, हे त्या लोकांनी ओळखलं होतं. मी मात्र तो कोश माईंच्या वाड्यानंतर पाहिला.

त्याआधी, १९१८मध्ये, पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबाराला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. आराखड्याआधी पाहणी, हा त्यांचा आग्रह. विद्यार्थ्यांनी तो अहवाल मिळवून चाळावा. गल्लीबोळ पायी फिरलेल्या माणसाचं लिखाण कसं असतं ते कळतं.

काय शिकावं, हे मला प्रत्येक वेळी विचारतात, म्हणून थोडक्यात. क्यू.जी.आय.एस. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. घरच्या साध्या संगणकावर आपल्याच गल्लीचा नकाशा करण्यापासून सुरुवात करा. देहरादूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंगचे दूरस्थ अभ्यासक्रम आहेत, तेही मोफत. एस.क्यू.एल. शिका, रजिस्टरला प्रश्न विचारायची ती भाषा आहे. थोडं पायथन जमलं तर उत्तम. प्रक्षेपणाचा धडा कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, कारण हेडमास्तर कुठल्याही गावात निघतात. एवढं दीड-दोन वर्षांत होतं.

याहून जास्त वेळ लागतो तो व्हॉल्व्हमनशी बोलायला शिकण्यात. जुन्या गावांत जमिनीखालच्या पाइपांचा नकाशा कागदावर क्वचितच खरा असतो. तो असतो तीस वर्षं चावी फिरवणाऱ्या माणसाच्या डोक्यात. तो निवृत्त झाला की नकाशाही निवृत्त होतो. त्याला इंग्रजी येत नाही, पडद्याकडे पाहायला तो संकोचतो, आणि आपलं ज्ञान एकदा संगणकात गेलं की आपल्याला कोण विचारणार, ही त्याची भीतीही अगदीच खोटी नसते. त्याच्याबरोबर पहाटे चार वाजता पाणी सोडायला गेल्याशिवाय तो सांगत नाही. हा वेळ ठेक्याच्या कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेला नसतो. तो आपल्या झोपेतून द्यावा लागतो. ज्यांची मातृभाषा एक, शाळेची दुसरी आणि गावाची तिसरी, अशा आपल्या मुलांना इथे एक सोय आहे: अनोळखी शब्द आला की चटकन थांबायची सवय त्यांना लहानपणापासून असते. ती कचेरीत बंद करून ठेवू नये.

माझा करार अजूनही अकरा महिन्यांचाच आहे. दरवर्षी एक महिना मी नोकरीत नसते आणि त्या महिन्यात फोन मात्र येत असतात. यंदा त्या महिन्यात मी माईंच्या गावी गेले होते. नकाशात आता त्या जागेला पाच रकाने आहेत: अधिकृत नाव, गुजराती नाव, मराठी नाव, लोक काय म्हणतात, आणि हे कोणी सांगितलं. पाचव्या रकान्यात माईंचं नाव घालायचं होतं, म्हणून विचारायला गेले. त्यांनी घालू दिलं नाही. म्हणाल्या, "वाड्याचं नाव घातलंस ना? बास." पुरात अडकलेल्या त्या सुनेची मुलगी आता शाळेत जाते. ती माझ्या लॅपटॉपवर आपलं घर शोधत होती. तिने टंकलं 'वाडो', कारण शाळा गुजराती. घर सापडलं.